मेणबत्तीचे सिलिकॉन साचे दरवर्षी चिकट होतायत? फेकायच्या आधी हे करून बघा

माझा गुलाबाचा साचा सलग तिसऱ्या वर्षी चिकट निघाला तेव्हा मी खरंच वैतागले. दिवाळी झाली की सगळे साचे धुवायचे, पुसायचे, कॅरीबॅगमध्ये भरायचे आणि माळ्यावर टाकायचे हा माझा नियम. गणपती उठले की खाली काढायचे, की हाताला चिक्क लागतं, वर धूळ आणि केस चिकटलेले, आणि पहिलीच मेणबत्ती काढली तर चकाकी गायब, पाकळ्यांवर बारीक बारीक खड्डे, एखादी पाकळी तर साच्यातच राहिलेली. असे चार साचे मी फेकले आणि नवीन आणले, आणि पुढच्या वर्षी नवीन पण तसेच! मग म्हटलं आता साचा बदलायचा नाही, भानगड काय आहे ते शोधायचं. त्या खटाटोपात जे कळलं ते इथे लिहितेय, जरा लांबलंय पण टप्प्याटप्प्याने वाचा.

सगळ्यात आधी एकच प्रश्न. चिकटपणा साच्यावर आहे का साच्यात आहे? मी तीन वर्षं हे न बघताच घासत बसले होते. वरचा असेल तर निघतो, आतून येत असेल तर गंगेत बुडवून काढला तरी निघणार नाही, आणि आमच्या नाशिकला तर गोदावरीलाच गंगा म्हणतात, ती घराजवळच आहे, तरी उपयोग नाही.

ओळखायचं असं. साच्याचा अर्धाच भाग गरम पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडने बोटांनी चोळून धुवा, दुसऱ्या अर्ध्याला हात लावू नका. पंख्याखाली पूर्ण वाळू द्या आणि दोन दिवस ताटाखाली झाकून ठेवा. तिसऱ्या दिवशी दोन्हीकडे बोट फिरवा. धुतलेला अर्धा कोरडा, रबरासारखा लागला आणि न धुतलेला चिकट लागला तर मळ वरचा आहे, साचा वाचणार. धुतलेला अर्धा पण परत चिकट झाला असेल तर साच्याच्या पोटातून काहीतरी बाहेर येतंय. दोन दिवस थांबा बरं का, लगेच बघितलं तर दोन्ही प्रकारचे साचे छान कोरडेच वाटतात, मी त्यातच फसले होते.

माझ्या नऊ साच्यांपैकी सहा वरच्या मळाचे निघाले. आणि मळ कसला तर तेलाचा. झालं असं की ऑर्डरच्या घाईत सासूबाई मदतीला बसायच्या आणि मेण ओतायच्या आधी प्रत्येक साच्याला आतून शेंगदाण्याच्या तेलाचं बोट फिरवायच्या. मला पत्ताच नाही. विचारलं तर म्हणाल्या, "अगं मोदकाच्या साच्याला तूप लावतोच ना आपण, मग याला लावलं तर काय बिघडलं?" त्यांचं लॉजिक चूक म्हणता येत नाही, पण मोदकाचा साचा आपण त्याच दिवशी धुतो आणि हे तेल अकरा महिने माळ्यावर हवा खात बसतं. खाण्याचं तेल हवा आणि उष्णतेने हळूहळू घट्ट, डिंकासारखं होतं, गॅसच्या मागच्या टाइल्सवर नाही का पिवळा चिकटा जमतो, किंवा जुन्या समईच्या बुडाला, तेच ते. आणि मुळात सिलिकॉनला मेण चिकटत नाही म्हणून तर आपण सिलिकॉन वापरतो. त्याला तेल, तूप, व्हॅसलिन काही लागत नाही. उलट तेलाचा ओहोळ मेणाच्या पृष्ठभागावर खड्डे पाडतो. मला जे बारीक खड्डे दिसत होते ते त्याचेच.

हा चिकटा काढायला नुसतं लिक्विड पुरत नाही. मी करते ते सांगते. एका मोठ्या पातेल्यात हाताला अजिबात सोसणार नाही इतकं गरम पाणी, साधारण 70 अंश, उकळतं नाही. त्यात लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा. खायचा नाही, धुण्याचा, किराणा दुकानात मिळतो तो. साचे उलटे बुडवायचे म्हणजे आत हवा अडकणार नाही असे तिरके करून, आणि अर्धा तास विसरून जायचं. राहिलेलं मेण पण वितळून वर येतं. मग हातमोजे घालून लहान मुलांच्या मऊ टूथब्रशने पाकळ्यांच्या खाचा घासायच्या, लिक्विडने परत एकदा, आणि भरपूर साध्या पाण्याने खळाळून. चिकटा जुना असेल तर हे दोनदा-तीनदा करावं लागतं, एका फटक्यात निघेल अशी अपेक्षा नको.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने. एक, ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका. थंड होऊ द्या, मेणाची पापडी वर धरते ती उचलून कचऱ्यात टाका आणि मग पाणी फेका, नाहीतर प्लंबरचे पैसे तयार ठेवा. दुसरं, तारेची घासणी किंवा हिरवी स्क्रबची बाजू अजिबात नको. सिलिकॉन साच्याची खासियतच ही की त्याच्या आतल्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल मेणबत्तीवर उतरते. आत चकचकीत तर मेणबत्ती चकचकीत, आत ओरखडे तर प्रत्येक मेणबत्तीवर कायमचे ओरखडे. माझा एक मोठा पिलर, म्हणजे सरळ खांबासारख्या मेणबत्तीचा, साचा मी असाच घासून मॅट करून ठेवलाय, आता त्यात फक्त खडबडीत लाकडी लूकच्या मेणबत्त्या करते आणि लोकांना तीच डिझाइन आहे म्हणून सांगते.

धुतल्यावर पांढरट थर दिसला तर तो चिकटा समजू नका. बोअरचं पाणी असेल तर क्षार बसतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून दहा मिनिटं ठेवा, क्षार असतील तर जातील. नसतील तर तो मेणाचा पातळ थर आहे, परत गरम पाणी.

थिनर, पेट्रोल, रॉकेल यांच्या वाटेला जाऊ नका. मी गेले होते. रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि थोडं आत राहिलं, तासाभरात साचा भिजवलेल्या हरभऱ्यासारखा फुगला, कडा वाकड्या, नक्षी पसरट. सिलिकॉन असल्या द्रवांना आत शोषून घेतं आणि फुगतं. उडून गेल्यावर बऱ्यापैकी परत येतो पण आतलं जे सिलिकॉन तेल त्याला मऊ आणि सुटसुटीत ठेवतं तेही थोडं बरोबर घेऊन जातं, मग साचा कोरडा पडतो आणि लवकर फाटतो. शिवाय मेण वितळवायच्या शेगडीशेजारी पेट्रोलचं फडकं, म्हणजे विचारायलाच नको. पुसायलाच हवं असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट चालतं, ते सिलिकॉनला फारसं फुगवत नाही, फक्त तेव्हा गॅस बंद आणि खिडकी उघडी. हातावरचं सॅनिटायझर जेल नको, त्यात ग्लिसरीन वगैरे असतं, ते मागे राहून अजून चिकट करतं.

आता उरलेले तीन साचे, जे धुवूनही परत चिकट झाले. इथे साचा कशाचा आहे ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

दुकानात सगळ्याला "सिलिकॉन मोल्ड"च म्हणतात पण सगळं सिलिकॉन नसतं. माझ्या तिघांपैकी एक तर सिलिकॉन नव्हताच, कुठलंतरी रबरी प्लास्टिक. कडेला जो नखाएवढा फालतू तुकडा असतो तो कापून चिमट्यात धरून बाहेर गॅलरीत पेटवा. सिलिकॉन असेल तर पांढरट धूर येतो, थेंब गळत नाहीत आणि मागे पांढरी राख उरते. काळा धूर, वितळून थेंब पडतायत, प्लास्टिक किंवा टायरचा वास, तर ते दुसरंच काहीतरी आहे. असल्या मऊ प्लास्टिकमध्ये त्याला लवचिक ठेवणारं द्रव मिसळलेलं असतं आणि ते गरम मेणाने आणि उन्हाळ्याने वर येत राहतं. त्याला उपाय नाही. साबण बनवायला पण वापरू नका, सोडून द्या.

दुसरे दोन खरे सिलिकॉन होते पण मी स्वतः ओतलेले, आणि इथे खरी मेख आहे. साचा ओतायचं सिलिकॉन मुख्यतः दोन प्रकारचं येतं, प्लॅटिनमवालं आणि टिनवालं, म्हणजे ते घट्ट व्हायला कुठला धातू मदत करतो त्यावरून. दोन सारखे डबे येतात आणि समसमान वजनाने मिसळायचं असतं ते बहुतेक प्लॅटिनम. एक मोठा डबा आणि सोबत छोटी बाटली, शेकड्याला दोन-चार टक्के हार्डनर, ते बहुतेक टिन. टिनवालं स्वस्त, म्हणून मी तेच आणलेलं. पण त्याचं आयुष्यच कमी, काही वर्षांत ते आकसतं, कडक होतं, फाटायला लागतं. आणि त्याला बंद जागेतली दमट उष्णता सोसत नाही, त्याच्या रेणूंची घट्ट झालेली साखळी परत सैल पडते, म्हणजे साचा मऊ आणि चिकट होत जातो. मी काय केलेलं? पूर्ण न वाळलेले साचे, कॅरीबॅगला गाठ मारून, इंदिरानगरच्या आमच्या टॉप फ्लोअरच्या स्लॅबखालच्या माळ्यावर. मे महिन्यात नाशिक 40 च्या पुढे जातं आणि तो माळा म्हणजे भट्टी. त्यात जून आला की पावसाची दमट हवा. माझ्या मते त्या दोघांना मीच मारलं.

अशा साच्याला दोन दिवस उघड्यावर, हवा खेळत्या जागी ठेवून बघा, थोडा सुधारला तर पिलरसारख्या साध्या आकाराला चालवा. नखाने दाबल्यावर खूण राहत असेल तर गेला. आणि पहिल्या दिवसापासूनच चिकट असेल तर तो म्हातारा झालेला नाही, मिक्सिंग चुकलंय, वजनकाट्याऐवजी डोळ्यांनी मोजलं की हे होतं. त्यावर नवीन थर ओतून दुरुस्त करायचा मोह होतो पण जुना साचा टिनचा आणि वरचा थर प्लॅटिनमचा असेल तर तो थर घट्टच होत नाही, कारण टिन त्याला अडवतं. गंधक पण अडवतं, म्हणून लॅटेक्सचे हातमोजे घालून प्लॅटिनमवालं सिलिकॉन मिसळलं तरी जिथे बोट लागलं तिथे चिकट डाग राहतो. विनाइल नाहीतर नायट्राइलचे मोजे घ्या.

लॅटेक्सचे पातळ, मोज्यासारखे साचे ज्यांच्याकडे आहेत त्यांना वेगळं सांगते, ते सिलिकॉनच्या नियमाने चालत नाहीत. तेलाने, उन्हाने आणि स्टिअरिक ॲसिडने ते कुजतात. मेण कडक व्हावं म्हणून आपण स्टिअरिक घालतो ना, तेच. त्या साच्यांसाठी घालू नका किंवा अगदी कमी घाला, आणि मेणबत्ती काढताना साच्याला बाहेरून साबणाच्या पाण्याचा हात लावा म्हणजे उलटताना सरकतो.

बाकीच्या तक्रारी भराभर सांगते कारण चिकटपणा सुटला की लोक याच विचारतात.

वास आणि रंग. मोगऱ्याच्या साच्यात कॉफीचा वास येतो, पांढरी मेणबत्ती गुलाबी निघते. फ्रॅग्रन्स ऑइल आणि तेलात विरघळणारा रंग सिलिकॉनमध्ये थोडा मुरतो. साचा स्वच्छ धुवून, मेणाचा एक कणही नाही याची खात्री करून ओटीजीमध्ये 120 अंशावर तासभर ठेवला तर वास बराच उडतो, खिडकी उघडी ठेवा आणि समोरून हलू नका. ओव्हन नसेल तर चार-पाच दिवस गच्चीवर, खऱ्या सिलिकॉनला ऊन बाधत नाही, लॅटेक्सला बाधतं. रंगासाठी बिनरंगाचं, बिनवासाचं साधं पॅराफिन दोनदा ओतून काढायचं, ते बळीच्या बकऱ्यासारखं रंग ओढून घेतं, आणि त्या मेणाच्या घरातल्या लाइट गेल्यावरच्या मेणबत्त्या होतात. मी आता फिके रंग आधी, गडद शेवटी असाच क्रम लावते. जेल वॅक्ससाठी मात्र वेगळे साचे ठेवा, त्यात मिनरल ऑइल असतं, त्याने सिलिकॉन फुगतं.

वाकडा झालेला साचा. एकावर एक रचून किंवा रबरबँड घट्ट आवळून ठेवलं की कंबर पडते. गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून हाताने आकारात आणा, आत त्याच मापाची मेणबत्ती नाहीतर वाटी-पेला बसवा आणि सपाट जागेवर उभा थंड होऊ द्या. ताजी कंबर निघते. वर्षभराची असेल तर निम्मीच निघते, मग ओतताना बाहेरून पुठ्ठ्याची चौकट करून आधार द्या. आणि रबरबँड साच्यावर विसरू नका, आपल्या उन्हाळ्यात ते विरघळून तपकिरी रेघ सोडतात, ती काढताना नाकी नऊ येतात.

फाटणं. बहुतेक वेळा वातीच्या भोकापासून सुरू होतं, कारण आपण दाभणाने तिथेच जोर लावतो. भोकात दाभण फिरवून मोठं करू नका, वातीला मेण लावून टोक कडक करा आणि तेच घाला. फाटलेल्यावर इन्स्टंट ग्लू मारायचा प्रयत्न सगळेच करतात, तो सिलिकॉनला धरत नाही, सिलिकॉनला फक्त सिलिकॉनच धरतं. हार्डवेअरच्या दुकानात काच आणि बेसिनच्या कडा भरायचं ट्यूबमधलं सिलिकॉन मिळतं, व्हिनेगरसारखा वास येतो ते, त्याने काम होतं. चिर स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा, दोन्ही कडा जुळवून टेप लावा आणि सिलिकॉनचा पातळ थर बाहेरच्या बाजूने द्या, आतून नाही, आतून दिला की प्रत्येक मेणबत्तीवर तो व्रण उमटतो. 24 तास हात लावू नका, जाड थर असेल तर दोन दिवस. साध्या पिलरला ही दुरुस्ती वर्ष काढते, नक्षीच्या साच्यात, जिथे दरवेळी उलटून ओढावं लागतं तिथे, आठ-दहा वेळाच टिकली माझी.

आणि काढताना घाई. पायमोजा काढतो तसा साचा वरून खाली उलटत जायचा, मेणबत्ती धरून खेचायची नाही. मेण गोठताना आकसतं, म्हणजे पूर्ण थंड झालं की स्वतःच सुटतं. मागच्या फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेसाठी एका ताईंची छोट्या मेणबत्त्यांची ऑर्डर होती, रात्री बारा वाजता कोमट असतानाच ओढायला लागले आणि एका रात्रीत दोन साच्यांच्या कडा गेल्या. घाईच असेल तर फ्रीझरमध्ये दहा मिनिटं, त्याहून जास्त नाही, नाहीतर मेणबत्तीला आतून तडे.

शेवटचं, साचा निर्दोष असताना त्याला शिव्या घालू नका. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून थंडी सुटली की सकाळी साचा हाताला बर्फ लागतो, त्यात मेण ओतलं की आडव्या रेघा उमटतात, तो साच्याचा दोष नाही. साचा ओतायच्या आधी कोमट पाण्याच्या पातेल्यावर ताटात ठेवून किंवा हेअर ड्रायरने जरा गरम करा. पावसाळ्यात उलटं, आत ओल राहते आणि थेंबाएवढे खड्डे पडतात, वात पण तडतडते. धुतल्यावर निदान रात्रभर पंख्याखाली उलटे, आणि खाचेत टिश्यूचं टोक घालून बघा ओलं होतंय का. बसलेली धूळ आणि केस काढायला पाणी नको, पॅकिंग टेप चिकटवून ओढा, एका झटक्यात साफ.

आता माझे साचे माळ्यावर नाहीत, दिवाणाखालच्या कप्प्यात आहेत, घरातली सगळ्यात थंड जागा तीच. प्रत्येक साच्यात जुनं साधं मेण ओतून तीच मेणबत्ती आत ठेवून दिलीय, म्हणजे आकार पण धरून राहतो आणि आत धूळ पण जात नाही. बाहेरून टाल्कम पावडरचा अगदी हलका हात, कॉर्नफ्लॉवर नको, पावसाळ्यात त्याला बुरशी आणि पोरकिडे दोन्ही लागतात. पुठ्ठ्याचा खोका, प्रत्येक साचा वर्तमानपत्रात नाही तर साध्या कोऱ्या कागदात गुंडाळलेला, कारण छपाईची शाई सिलिकॉनवर उमटते. खोक्यावर मार्करने लिहिलंय कुठला प्लॅटिनम, कुठला टिन, कुठला कॉफीवाला. यंदा काढले तेव्हा सगळेच कोरडे होते, गुलाबसुद्धा.

सासूबाईंना सांगून टाकलंय, बोट फिरवायचंच असेल तर उकडीच्या मोदकांच्या दिवशी. पण मला संशय आहे, परवा स्वयंपाकघरात तेलाची बुधली मेणाच्या टेबलाच्या फारच जवळ दिसली.